पदरात घेण्याआधीचे तीस तास

जुन्या नाशिकमधल्या तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी एक मुलगा राहायचा. नात्यातला, पण लांबच्या. वडील गेलेले, आई गावाकडे लोकांच्या शेतावर मजुरीला. तो सात वर्षांचा असताना आजीनं त्याला आणलं आणि मॅट्रिक होईपर्यंत तो आमच्याकडे होता. आमच्या पानात जे असेल ते त्याच्या पानात. शाळा आमचीच, दिवाळीचे कपडे आमच्याच ताग्यातले. गल्लीतल्या बायका आजीला म्हणायच्या, मोठं पुण्य बांधलंत. खरंच होतं ते. आजीनं त्याच्यावर कधी हात उगारला नाही, आम्हालाही उगारू दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो भेटला. सत्तरीच्या घरात आलाय, नाशिकरोडला त्याचं दुकान आहे. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, तुमच्याकडे मला काही कमी नव्हतं. पण डोक्याला लावायचं खोबरेल तेल मी इतक्या वर्षांत एकदाही न विचारता घेतलं नाही." मग बराच वेळ गप्प बसला आणि आईविषयी बोलला. त्याची आई वर्षातून एकदा, बहुधा चैत्रात, त्याला भेटायला यायची. ती गेली की तो दोन-तीन दिवस जेवायचा नाही, अंथरूण ओलं करायचा. आजीनं हे पाहिलं आणि तिला निरोप धाडला, सध्या येऊ नकोस, पोर बिथरतं. त्यानंतर तीन वर्षं ती आली नाही. निरोपाचं त्याला कुणी सांगितलं नाही. आईनं आपल्याला टाकलं, असंच तो धरून चालला. खरं काय ते त्याला आईच्या अखेरच्या आजारपणात कळलं.

आजीच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. भेटीनंतर मूल रडतं ते पुन्हा झालेल्या ताटातुटीनं रडतं, भेटी बंद करून ते दुःख कमी होत नाही, आत दडपलं जातं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. सांगायला अर्धा तास पुरला असता. हा लेख त्या अर्ध्या तासाबद्दल आहे, आणि दुसऱ्याचं मूल घरी आणणाऱ्यांना असं शिकवणं, निदान तीस तासांचं, आज कायद्यानं सक्तीचं का असलं पाहिजे याबद्दल आहे.

दुसऱ्याचं मूल असं सांभाळण्याला आज आपल्याकडे फॉस्टर केअर म्हणतात, सरकारी मराठीत प्रतिपालकत्व. दत्तक आणि हे एक नव्हे, हे आधी स्पष्ट केलेलं बरं, कारण नाशिकमध्ये मी ज्यांच्याशी बोलते त्यांतल्या दहांपैकी नऊजणांना दोन्ही एकच वाटतं. दत्तक मूल कायद्यानं तुमचं होतं, तुमचं नाव लावतं, तुमचा वारस होतं. प्रतिपालकाकडे आलेलं मूल तुमचं होत नाही. त्याचे आईवडील कुठेतरी असतात: कुणी तुरुंगात, कुणी दवाखान्यात, कुणी व्यसनात, कुणी नुसतेच कंगाल. काही महिने किंवा काही वर्षं तुम्ही ते सांभाळायचं आणि आईवडील सावरले तर परत द्यायचं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये हे सगळं आहे. बालकल्याण समितीच्या आदेशानं मूल अशा घरी जातं. शिक्षण, आरोग्य, आहार ही त्या घराची जबाबदारी असते. आईवडिलांना भेटीची मुभा आहे. ती मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं तरच थांबते. म्हणजे आजीनं जे केलं तो निर्णय आज कुठल्याही प्रतिपालकाच्या हातात नाही.

याच कायद्यात फॉस्टर केअरची व्याख्या करताना चार शब्द एकापाठोपाठ येतात: कुटुंब निवडलेलं हवं, पात्र ठरलेलं हवं, मंजूर झालेलं हवं आणि देखरेखीखालचं हवं. निवड कशी करायची तेही कलम ४४ सांगतं: कुटुंबाची कुवत, हेतू, क्षमता आणि मुलं सांभाळल्याचा आधीचा अनुभव पाहून. देखरेखीसाठी दर महिन्याला तपासणी सांगितली आहे. प्रशिक्षण हा शब्द मात्र त्या कलमात नाही. मार्गदर्शक सूचना आहेत, समुपदेशन आहे, समजावून सांगणं आहे. पण इतके तास शिकल्याशिवाय मूल घरी येणार नाही आणि इतके तास पुन्हा शिकल्याशिवाय मंजुरी पुढे चालणार नाही, असं बंधन कायद्यानं घातलेलं नाही. 'पात्र ठरलेलं' या शब्दाला त्यामुळे पायाच उरत नाही. पात्रता कशानं आली, तर पगाराचा दाखला, आधार कार्ड, पोलीस पडताळणी, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि एक-दोन गृहभेटी. ही कागदपत्रं हवीतच. पण त्यांवरून कळतं ते एवढंच की हा माणूस गुन्हेगार नाही, कर्जबाजारी नाही आणि त्याला क्षयरोग नाही. रात्री दोन वाजता किंचाळत उठलेल्या नऊ वर्षांच्या मुलापाशी कसं बसायचं, हे त्याला येतं की नाही ते कुठल्याच कागदावर नसतं.

कायद्यानं ज्याला महत्त्व दिलंय त्या 'आधीच्या अनुभवा'विषयी माझं मत जरा वेगळं आहे. पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, दोन मुलं वाढवली, आणि तरी म्हणते की हा अनुभव अनेकदा आड येतो. स्वतःचं मूल जन्मापासून आपल्या आवाजाला, रागाला, हाताच्या स्पर्शाला सरावलेलं असतं. आई रागावली तरी संध्याकाळी जवळ घेणार, हे त्याला न सांगता माहीत असतं. ज्या मुलाच्या आयुष्यात आवाज चढल्यावर पट्टाच निघाला, त्याच्यावर तुम्ही तसंच आणि तेवढंच रागावलात तर ते टेबलाखाली जाऊन बसतं. दोन मुलं चांगली वाढवली म्हणून तिसरं सांभाळता येईल, ही समजूत भल्याभल्यांना फसवते.

माझ्या परिचयातल्या एका जोडप्याचं असंच झालं. कुठल्या भागातले, मूल मुलगा होतं की मुलगी, वय काय, हे मी मुद्दाम लिहीत नाही. ते का, हे पुढे येईलच. सुशिक्षित, सुस्थितीतले, मनानं मोकळे. मूल घरी आलं, आठवडाभर सगळं छान चाललं. मग गादीखाली पोळ्या सापडायला लागल्या. शिळ्या, बुरशी आलेल्या, सहा-सात. नंतर डब्यातला गूळ, बिस्किटांचे पुडे, एकदा कच्चे तांदूळ. बाईंना वाटलं, मूल चोरी करतंय. समजावलं, मग रागावल्या, मग स्वयंपाकघराला कुलूप लावलं. कुलूप लागल्यावर मुलानं खाणंच सोडलं. अकराव्या दिवशी दोघं मुलाला घेऊन गेली आणि परत ठेवून आली. येताना बाई रिक्षात रडत होत्या. आपल्यालाच जमलं नाही असं त्यांना आजही वाटतं, आणि त्या घरात आता हा विषय निघत नाही.

उपाशी राहिलेली मुलं अन्न दडवतात. मुलांसोबत काम करणाऱ्या कुठल्याही समुपदेशकाला हे पाठ असतं. कुलूप लावायचं नाही. उलट एक डबा मुलाच्या नावानं ठेवायचा, त्यात लाडू-चिवडा भरायचा, तो कधीही उघडायची मुभा द्यायची आणि रिकामा झाला की न बोलता पुन्हा भरायचा. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, गादीखालच्या पोळ्या आपोआप थांबतात. ही गोष्ट त्या जोडप्याला आधी कुणी सांगितली असती तर कदाचित ते मूल आजही त्या घरात असतं. आता त्याच्या खात्यावर आणखी एक घर तुटल्याची नोंद आहे, आणि त्यानं मनाशी काय हिशेब मांडला असेल तो आपण समजू शकतो.

हा मुद्दा मांडला की हमखास एक प्रश्न येतो: आई व्हायला कुणी कोर्स करतं का? मला हा प्रश्न उडवून लावायचा नाही, कारण विचारणारे बहुतेक मायाळू असतात. दुसऱ्याचं मूल सांभाळण्याची परंपरा आपल्याकडे खरोखर आहे. वार लावून जेवणारी मुलं आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं पाहिलीत: सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. शिक्षणासाठी शहरात ठेवलेले भाचे-पुतणे तर घरोघर होते. नाशिकसारख्या विद्येच्या आणि तीर्थाच्या गावात हे अधिकच. अनेक मुलं त्यातून शिकली, मोठी झाली. पण या परंपरेचं कौतुक नेहमी जेवू घालणाऱ्यांकडून ऐकू येतं. जेवणाऱ्यांना विचारलं तर ते पंगतीतली आपली जागा सांगतात, पानात दुसऱ्यांदा तूप वाढलं गेलं का ते सांगतात, कुणाच्या घरी पाणी भरावं लागायचं ते सांगतात. साठ वर्षांनीही सांगतात. माया होती यात मला शंका नाही. त्या मायेला मुलाच्या बाजूनं बघायची सवय कुणी लावली नव्हती, आणि सवय लावण्याला दुसरा शब्द शिक्षण हाच आहे.

शिवाय परंपरेची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची लहान मुलं मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं. थोडे पैसे आणि एखादी मेंढी, एवढ्यावर. त्यातली एक मुलगी दगावली तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला ते कळलं. 'मूल सांभाळायला ठेवलंय' हे वाक्य तिथंही बोललं जात होतं. दुसऱ्याच्या घरातलं मूल किती सहज बिनपगारी गडी होऊन जातं, हे नाशिक जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. प्रतिपालकाकडच्या मुलीनं ताटं उचलली तर ते वळण की राबवणूक? घरातली सख्खी मुलगी तेव्हा काय करत होती, यावर ते ठरतं. असले प्रश्न कुणीतरी समोर बसवून, उदाहरणं देऊन सोडवून घ्यावे लागतात. फॉर्मवर 'मुलाला कामाला लावणार नाही' अशी सही घेऊन ते सुटत नाहीत.

अमेरिकेत या कामासाठी रीतसर परवाना लागतो आणि परवान्याआधी प्रशिक्षण. १९९९ पासून तिथल्या केंद्रीय कायद्यात आहे की मूल सोपवण्याआधी प्रतिपालकांची पुरेशी तयारी झालेली असावी आणि ती नंतरही गरजेनुसार चालू राहावी. तास राज्यागणिक वेगळे. इलिनॉयमध्ये आधी २७ तास, आणि परवाना चार वर्षांचा असतो, त्या काळात आणखी १६ तास. कॅलिफोर्नियात आधी १२ तास, नंतर दर वर्षी ८, शिवाय प्रथमोपचार. इंग्लंडमध्ये मंजुरी मिळाल्यापासून वर्षाच्या आत ठरावीक शिक्षण पूर्ण करावं लागतं आणि मंजुरीचा दर वर्षी फेरविचार होतो. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: तयारी, आधार, समुपदेशन हे मूल येण्याआधी, असताना आणि गेल्यानंतरही मिळायला हवं.

तिथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथंही मुलं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, घरं कमी पडतात. पण त्यातूनच एक शिकण्यासारखी गोष्ट पुढे आली. सॅन दिएगोमध्ये ७०० प्रतिपालक कुटुंबांवर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना १६ आठवडे, आठवड्यातून एकदा, लहान गटात बसवून शिकवलं गेलं. गेल्या आठवड्यात घरी काय झालं, मूल कशावर बिथरलं, तुम्ही काय केलंत, पुढच्या वेळी काय करून बघाल, असं. जी मुलं आधीच अनेक घरं फिरून आली होती, त्यांची घरं पुन्हा तुटण्याचा धोका यामुळे कमी झाला, आणि आईवडिलांकडे किंवा नातलगांकडे परत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. सभागृहात पन्नास माणसं बसवून, पडद्यावर कायद्याची कलमं दाखवून आणि शेवटी नाश्ता देऊन जे उरकतं, त्याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. तसंच होणार असेल तर नकोच ते. शिक्षक म्हणून मी अशी किती 'प्रशिक्षणं' केलीत ते मलाच ठाऊक आहे. हजेरीपटावर सही करून बाहेर पडताना काहीच बदललेलं नसायचं.

मग तीस तासांत शिकवायचं काय? अन्न, झोप, अंथरूण ओलं होणं, खोटं बोलणं, चोरी, अचानक येणारा राग, यांचा अर्थ आणि त्यावेळी करायच्या गोष्टी, हा गाभा. आईवडिलांच्या भेटी, त्यांच्याविषयी घरात कसं बोलायचं, हा दुसरा. मला विचाराल तर सर्वांत अवघड, कारण ज्या बापानं मुलाला चटके दिले त्याच्याविषयी मुलादेखत शिवी न देणं शिकावं लागतं. त्या बापाचाच चेहरा मूल आरशात पाहत असतं.

मग कायदा, जो रोजच्या जगण्यात येऊन भिडतो. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड होईल अशी माहिती कुठेही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता विचार करा, आपल्या नेहमीच्या घरात मूल आलं की पहिल्या दिवशी काय होतं? व्हॉट्सॲपच्या स्टेटसला फोटो. 'आमच्या घरी आली लक्ष्मी'. वाढदिवसाला केक कापताना व्हिडिओ. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण ज्याच्या मारहाणीतून मूल सुटलंय त्यालाही तो पत्ता मिळू शकतो. तसंच लैंगिक अत्याचाराचं. मूल रुळलं, विश्वास बसला की एखाद्या रात्री काहीतरी सांगतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. 'झालं गेलं विसर बाळा' म्हणून डोक्यावरून हात फिरवणारी बाई प्रेमानं कायदा मोडत असते, आणि मूल मनात नोंद करतं की इथंही हे बोलायचं नसतं. अशा वेळी पहिलं वाक्य काय बोलायचं, काय विचारायचं नाही, १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन कधी करायचा, हे सराव करून घेतल्याशिवाय येत नाही. मी स्वतः एका कार्यशाळेत हा सराव केला तेव्हा पहिल्या तीनही वेळा चुकले.

प्रशिक्षणाचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे कुणी बोलत नाही. ती माघार घेण्याची जागा असते. वर्गाच्या चौथ्या शनिवारी एखादं जोडपं येऊन म्हणालं की आम्हाला हे झेपणार नाही, तर ते अपयश मानू नये. त्यांनी एका मुलाचा अकरावा दिवस वाचवला. गृहभेटीला अधिकारी येतात तेव्हा घर आवरलेलं असतं, उत्तरं तयार असतात, 'नाही' म्हणणं लाजिरवाणं वाटतं. पाच शनिवार एकाच गटात बसल्यावर माणसं स्वतःला ओळखायला लागतात. कुणाला मूल हवं असतं ते स्वतःच्या गेलेल्या मुलाची जागा भरायला. कुणाला म्हातारपणी सोबत म्हणून. कुणाला दत्तकाच्या रांगेतली वाट बघवत नाही म्हणून. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी हा शेवटचा मुद्दा अधिक नाजूक केलाय. त्यांनी एकट्या व्यक्तींना, म्हणजे अविवाहित, विधवा, घटस्फोटित यांनाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली, जे मला मनापासून आवडलं. त्याचबरोबर प्रतिपालकाला ते मूल दत्तक घेण्यासाठीची मुदत पाच वर्षांवरून दोनवर आणली. ज्या मुलांना परत जायला घरच नाही त्यांच्यासाठी हे वरदान आहे. पण दोन वर्षं मोजत बसलेलं घर मुलाच्या आईच्या भेटीकडे कोणत्या नजरेनं पाहील? हे मनातलं द्वंद्व मूल येण्याआधी उघड बोललं गेलं पाहिजे. गृहचौकशीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसतो.

आता मिळालेली मंजुरी टिकवण्याविषयी. इथं मी अधिक आग्रही आहे, कारण मूल वाढतं. आठ वर्षांचं आलेलं मूल पाच वर्षांनी तेरा वर्षांचं असतं. त्याच्या हातात मोबाइल असतो, त्याला जातीचा दाखला हवा असतो, शाळेत वडिलांचं नाव विचारतात, आणि 'तुम्ही माझे कोण?' हा प्रश्न ते पहिल्यांदा मोठ्यानं विचारतं. अठराव्या वर्षी कायद्यानं संगोपन संपतं आणि अनुरक्षणाची म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, उच्च शिक्षणाची, अनाथ प्रमाणपत्राची, राज्यानं २०१८ मध्ये अनाथांना दिलेल्या एक टक्का आरक्षणाची माहिती लागते. पहिल्या तीस तासांत यातलं काहीच कामाचं वाटत नाही आणि लक्षातही राहत नाही. म्हणून मंजुरी वर्षाची असावी आणि पुढच्या वर्षीची मंजुरी महिन्याच्या दोन तासांच्या गटबैठकीवर अवलंबून असावी. हा साचा आपल्या बायकांना नवा नाही. बचत गटाची मासिक बैठक जशी भरते तशी ही भरेल. तिथे पैशांचा हिशेब होतो, इथे गेल्या महिन्याचा. कायद्यानं सांगितलेली दरमहा तपासणी ही देखरेख आहे, तिथे माणूस चूक लपवतो. गटात तो चूक सांगतो. दोन्ही हव्यात, आणि एकीचं काम दुसरीवर ढकलू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो मला रात्रीही छळतो. घरं आधीच मिळत नाहीत, त्यात सक्ती केली तर आहेत तीही जातील. आणि जाणारी कुठली? शनिवारची मजुरी बुडवून येऊ न शकणारी. सातपूरच्या कामगार वस्तीतली, अंबडमधली, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची. वरचा वर्ग प्रशिक्षण झटकन पूर्ण करेल, कारण त्याला शिकायची सवय आहे. मूल मात्र कदाचित त्या दोन खोल्यांच्या घरातच जास्त रुळलं असतं, जिथे शेजारच्या चार घरांत मुलं आहेत आणि भाषा त्याच्या बोलीजवळची आहे. सुरगाण्याचं, कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं मूल कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये ठेवून आपण त्याचं भलं केलं, असं मला वाटत नाही.

यावर उत्तर एकच दिसतं: सक्ती पालकांवर करायची असेल तर आधी सरकारवर करा. प्रशिक्षण फुकट आणि गावात. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. पाड्यावरच्या माणसानं पहाटेची एस.टी. धरून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची, असं चालणार नाही. बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यायची. लेखी परीक्षा नको, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे सगळं शिकता येतं आणि शिकवताही येतं. आजी-मावशीकडे तातडीनं मूल ठेवावं लागतं तेव्हा आधी मूल जाऊ द्यावं, शिक्षण पुढच्या तीन महिन्यांत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून दरमहा मिळणारे ४,००० रुपये मुलासाठी आहेत, त्यातून प्रशिक्षणाचा एक पैसाही वळता होऊ नये.

आणि नाशिकला साधनांची सबब सांगता येणार नाही. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. शाळा सुटलेल्यांना, शेतकऱ्यांना, कामगारांना त्यांच्या सवडीनं आणि मराठीतून शिकवण्यासाठीच ते १९८९ मध्ये सुरू झालं, आणि त्याची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. घारपुरे घाटावर आधाराश्रम आहे, उंटवाडीला निरीक्षणगृह आहे. मुलांना रोज सांभाळणाऱ्या माणसांचं ज्ञान या शहरात साठून राहिलंय. हे सगळे एका टेबलाभोवती बसले तर तीस तासांचा अभ्यासक्रम सहा महिन्यांत उभा राहील. मोठ्या माणसांना बसवून शिकवणं या शहराला नवं नाही. २०२१ मध्ये विनाहेल्मेट गाडी चालवणाऱ्यांना पोलीस धरून ट्रॅफिक पार्कमध्ये नेत आणि दोन तास समुपदेशन करून सोडत. लोक कुरकुरले, पण बसले. स्वतःचं डोकं सांभाळायला दोन तास बसलेलं नाशिक दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला तीस तास नक्की बसेल.

सिंहस्थ येतोय. २०२७ च्या स्नानांसाठी रस्ते, घाट, पूल यांची कामं चालू आहेत. गर्दीत चुकलेली बहुतेक मुलं काही तासांत आईवडिलांकडे पोहोचतात. पण काही मुलांना न्यायला कुणीच येत नाही, आणि काहींना गर्दीत सोडूनच दिलेलं असतं. त्यांच्यासाठी पोलीस ठाण्याचं बाकडं आणि मग बालगृहातला मोठा हॉल, याशिवाय दुसरी सोय आज नाही. पहिल्या स्नानाआधी पंचवटी, सिडको, नाशिकरोड आणि त्र्यंबकेश्वर इथली मिळून पंचवीस-तीस घरं शिकवून, मंजूर करून तयार ठेवता येतील. अल्प मुदतीसाठी, आठवडा-पंधरवडा मूल ठेवू शकणारी. त्यातल्या चार-दोन घरांत हिंदी, गुजराती, तेलुगू बोलता यावं. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती यांनी मनावर घेतलं तर हे काम एका पावसाळ्याचं आहे, आणि सिंहस्थानंतर ती घरं जिल्ह्याकडे राहतील.

शिकवणाऱ्यांत अशा घरांत वाढलेली माणसं असलीच पाहिजेत, हा माझा शेवटचा आग्रह. समुपदेशक अन्न दडवण्यामागचं कारण सांगेल. ज्यानं स्वतः पोळी दडवली तो सांगेल तेव्हा ती गोष्ट वेगळी ऐकू येईल. म्हणून मी नाशिकरोडला पुन्हा जाऊन आले. कुठे असा वर्ग सुरू झालाच, तर पहिल्या दिवशी येऊन बोलशील का, म्हणून त्याला विचारलं. तो बराच वेळ गल्ल्यातली चिल्लर लावत बसला. मग म्हणाला, आजीविषयी वाईट बोलायला लावणार नसाल तर येतो. आणि सकाळी ठेवा, संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक असतं.